पूरग्रस्त गावासाठी ४ लाख जमलेत, सगळे किटवरच घालायचे का?

मंडळाचा खजिनदार
सीना नदीकाठच्या एका गावासाठी ४ लाख जमलेत. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ६० घरांत पाणी शिरलं होतं, आता ओसरलंय. निम्मे सभासद म्हणतात, सगळ्याची रेशन किट करून टेम्पो सोडा. बाकीच्यांना शाळेची खोली बांधायचीय, म्हणजे काम कायमचं दिसेल. काय करावं?

शिधावाटप
दिवसाला माणशी ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ धरा. पाच जणांना १५ दिवसांसाठी ३० किलो धान्य, साडेचार किलो डाळ, दोन लिटर तेल. घरटी साधारण दोन हजार, म्हणजे १ लाख २० हजारांत काम झालं. त्यापुढचं किट नुसतं साठून राहतं. पीठ देऊ नका, ओल्या घरात आठवड्यात कुबट होतं. जुने कपडे तर नकोतच. माल तालुक्याच्याच किराणावाल्याकडून घ्या आणि आधी ग्रामपंचायतीकडून यादी मागवा. नाहीतर रस्त्यालगतच्या घरांना तीन-तीन किट आणि आडवस्ती कोरडी.

पाणवठा
त्याआधी विहीर. गाळ-पाणी उपसा, मग ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला अडीच ग्रॅम. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी म्हणजे सुमारे ६३ हजार लिटर, पावडर १६० ग्रॅम. थेट टाकू नका. दोन बादल्यांत विभागून कालवा, दहा मिनिटं चुना बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडा. तासाभराने पाण्यातलं क्लोरीन तपासा, लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या खाली आलं तर पुन्हा टाका. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर गेलेला असतो, तिथेच बहुतेकांचं फसतं. खर्च म्हणाल तर पंपाच्या डिझेलचाच.

वाफसा
उरलेले पावणेतीन लाख रब्बीला ठेवा. खोलीचं नंतर बघा. हंगाम हुकला तर ती माणसं उसाच्या तोडीला जातील, खोलीत बसायला पोरं कुठली? हरभरा एकरी ३० किलो, किलोला शंभर धरले तर एकरी तीन हजार. घरटी दीड एकर दिलंत तरी २ लाख ७० हजार. मात्र वाफसा आलेल्या, म्हणजे जादा ओल जाऊन पेरणीजोगं झालेल्या रानालाच. माती खरडून गेलीय तिथे बी टाकणं म्हणजे पैसा मातीत, तीही नसलेल्या. त्या रानाला आधी गाळ लागतो, आणि पंचनामा होईपर्यंत सपाटीकरण करू देऊ नका. पाणी साचलेल्या जमिनीत मर रोग येतो, रोपं वाळून मरतात, म्हणून किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाला आवरणारी उपयुक्त बुरशी) चोळूनच पेरणी. नोव्हेंबरच्या मध्यापुढे गेलात तर उतारा घटतो.

मंडळाचा खजिनदार
बियाण्याचे पैसे रोख द्यावेत का?

वाफसा
नको. कृषी सेवा केंद्राला चेक द्या, शेतकऱ्याच्या नावाने लॉट नंबरचं बिल घ्या. उगवण कमी आली तर तक्रारीला तेच बिल लागतं. पिशवीचा टॅगही फेकू देऊ नका.