टेस्टोस्टेरॉन वाढवायला अश्वगंधा, गोखरू, शिलाजीत... खरंच उपयोग होतो का? सल्ला हवा

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. विषय अवघड आहे. ओळखीच्या माणसांना विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहितोय.

वय 41. चाकणला एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा पाळ्या दर आठवड्याला बदलतात. उंची 5 फूट 7 इंच, वजन 89 किलो. गेल्या दीड वर्षापासून अंगात त्राणच नाही. दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात, आणि स्पष्टच लिहितो, बायकोजवळ जावंसं वाटत नाही. ती बोलून दाखवत नाही, पण मला कळतं.

जिममधल्या ट्रेनरच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासलं. सेकंडला जायच्या आधी, जेवून, दुपारी एकला रक्त दिलं. आकडा आला 278 (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर). लॅबने खालची मर्यादा 300 छापली आहे. ट्रेनरने लगेच एक डबा दाखवला: अश्वगंधा, गोखरू, सफेद मुसळी, कौंचबीज, शिलाजीत, मेथीचा अर्क, सगळं एकत्र. तीन महिन्यांचा कोर्स 7,500 रुपयांचा. म्हणाला, आयुर्वेदिक आहे, अपाय काहीच नाही.

पैसे अजून दिलेले नाहीत. कुणी घेतलंय का असं काही? कोणती वनस्पती खरंच काम करते? ब्रँड सुचवलात तरी चालेल.

सह्यभटक्या

मी अश्वगंधा चार महिने घेतली, रोज 600 मिलिग्रॅम अर्काच्या गोळ्या. झोप नक्की सुधारली, चिडचिड कमी झाली. टेस्टोस्टेरॉन आधी तपासलं नव्हतं आणि नंतरही नाही, त्यामुळे ते वाढलं की नाही हे सांगू शकत नाही. मला बरं वाटलं एवढंच खरं.

माणदेशी

गोखरू म्हणजे आमच्या रानातला सराटा. पावसाळ्यात बांधावर पसरतो आणि वाळला की त्याचे काटे चपलेतून आरपार जातात. आजी लघवीच्या जळजळीवर त्याचा काढा द्यायची. मर्दानगीसाठी कुणी घेतल्याचं आमच्याकडे ऐकलं नाही. आता त्याचीच पावडर एवढ्या महाग डब्यात बघून वाईट वाटतं.

डॉक्टरताई_कोल्हापूर

दादा, आधी एक गोष्ट. विचारलंत हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे येणारे बरेच पुरुष दोन-तीन वर्षं असे डबे रिकामे करून मग येतात.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. त्या 278 वर मी काहीच ठरवणार नाही. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वात जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. जेवणानंतर, त्यातही गोड किंवा भात-पोळी भरपूर झाली असेल तर, आणखी उतरतं. तुम्ही जेवून दुपारी रक्त दिलंत, म्हणजे आकडा कमी यायला दोन कारणं तुम्हीच दिलीत. शिवाय पाळ्यांमुळे शरीराचं घड्याळ हललेलं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2018 च्या मार्गदर्शनात 300 ची मर्यादा आहे, पण त्यात अटही आहे: दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी लवकर घेतलेले दोन्ही नमुने कमी यायला हवेत आणि सोबत लक्षणंही हवीत. नुसता आकडा किंवा नुसती लक्षणं पुरत नाहीत.

म्हणून असं करा. फर्स्ट शिफ्टचा किंवा सुट्टीचा आठवडा निवडा, दोन-तीन रात्री नीट झोपा आणि सकाळी 7 ते 10 च्या मध्ये अनशापोटी रक्त द्या. काही दिवसांनी पुन्हा एकदा द्या. त्याच रक्तात एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा कमी आलं तर एलएच आणि प्रोलॅक्टिन ही दोन हार्मोन्स बघू. वृषणातल्या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, पण 'बनव' असा निरोप मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएचच्या रूपाने येतो. दोष वृषणात आहे की निरोपात, ते यावरून कळतं.

आता वनस्पतींकडे येते. सर्वात जास्त अभ्यास अश्वगंधेवर झालेत. 2015 च्या एका अभ्यासात 57 तरुण-मध्यमवयीन पुरुषांपैकी निम्म्यांना आठ आठवडे व्यायामाबरोबर मुळाचा अर्क दिला, दिवसातून दोनदा 300 मिलिग्रॅम. त्यांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी 96 नॅनोग्रॅमने (प्रति डेसिलिटर) वाढलं, खोटी गोळी घेणाऱ्यांचं 18 ने. 2019 मध्ये 40 ते 70 वयाच्या, वजन जास्त असलेल्या आणि थोडा थकवा असलेल्या पुरुषांवर दुसरा अभ्यास झाला. म्हणजे जवळपास तुमच्यासारखेच. तिथे टेस्टोस्टेरॉन खोट्या गोळीच्या तुलनेत सुमारे 15 टक्के जास्त वाढलं. पण थकवा, उत्साह आणि लैंगिक समाधान यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे वाक्य नीट वाचा. कागदावरचा आकडा हलला, माणसाला जे हवं होतं ते हललं नाही.

गोखरूचं उत्तर सोपं आहे. 2005 मध्ये बल्गेरियात तरुण पुरुषांवर आणि 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंवर तपासलं. टेस्टोस्टेरॉन तसूभरही वाढलं नाही. माणदेशींची आजी बरोबर होती.

शिलाजीतवर कोलकात्यात 45 ते 55 वयाच्या निरोगी पुरुषांवर अभ्यास झाला. शुद्ध केलेलं 250 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 90 दिवस. थोडी वाढ दिसली. पण एका छोट्या अभ्यासावर मी कुणाला औषध लिहून देत नाही, आणि बाजारातलं कच्चं शिलाजीत जड धातूंमुळे धोक्याचं असतं. मेथीच्या अर्काचे निकाल उलटसुलट आहेत. कौंचबीज म्हणजे आपली खाजकुइली. तिच्या बियांत एल-डोपा असतं, तेच जे कंपवाताच्या रुग्णांना गोळीतून देतात. ते कोणत्याही डब्यात 'अपाय काहीच नाही' म्हणून यावं हे मला पटत नाही.

जिमवाला_नाशिक

डॉक्टर, मग सरळ इंजेक्शनच का घेऊ नये? आमच्या जिममध्ये दोघं-तिघं घेतात, दंड बघण्यासारखे झालेत.

डॉक्टरताई_कोल्हापूर

बाळा, तुझं लग्न झालंय का, मूल हवंय का, हे आधी सांग. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी एलएचचा निरोप पाठवणं बंद करते. वृषणात शुक्राणू बनणं मंदावतं, कित्येकदा शून्यावर येतं. इंजेक्शन थांबवल्यावर परत यायला महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. त्या दोघा-तिघांनाही हे सांग. ज्यांना खरंच कमतरता आहे त्यांच्यासाठी ते औषध आहे, तपासण्यांसकट, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

वैद्य_पंचवटी

मी 22 वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. अश्वगंधा मी रोज लिहितो, त्यामुळे माझं मत एकांगी वाटू शकतं, तरी मांडतो.

वाजीकरण, म्हणजे लैंगिक ताकद वाढवायची चिकित्सा, हे अष्टांग आयुर्वेदातलं एक अंग आहे. पण चरकसंहितेत वाजीकरणाच्या अध्यायातच सांगितलंय की शरीर शुद्ध नसताना दिलेले वृष्य (ताकदीचे) योग सिद्ध होत नाहीत, मळक्या कापडावर रंग चढत नाही तसे. रुग्णाची भूक, पचन, झोप, वजन न बघता सहा जड द्रव्यं एका कॅप्सूलमध्ये कोंबणं हा आयुर्वेद नाही. मुसळी, कौंच, अश्वगंधा ही पचायला जड आहेत. ज्याचा अग्नी मंद, पोट सुटलेलं, बैठं काम, त्याला मी आधी लंघन, चालणं आणि वेळेवर जेवण सांगतो. अश्वगंधा द्यायची तर मुळाचं चूर्ण, 3 ते 6 ग्रॅम, दुधातून. पानांचं नाही. आयुष मंत्रालयानेही 2021 मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका म्हणून कळवलं होतं. अर्काच्या गोळीत मूळ किती आणि पान किती, हे डब्यावरून कळत नाही.

थायरॉइड वाढलेला असेल, लिव्हरचा त्रास असेल, तर अश्वगंधा स्वतःच्या मनाने घेऊ नका. लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत, त्या मी नाकारत नाही. डेन्मार्कने तर 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. मला बंदी टोकाची वाटते, पण 'नैसर्गिक म्हणून निर्धोक' हे म्हणणं त्याहून टोकाचं आहे.

नर्मदाकाठ

मी इंदूरची. धाग्यावर बहुतेक पुरुष आहेत, तरी लिहिते, कारण हे घरात घडलंय.

माझे आतेभाऊ, वय 58, अँजिओप्लास्टी झालेली. कुणाच्या तरी सांगण्यावरून 'हर्बल' पुड्या आणल्या, लेबल नाही, काही नाही. पहिल्याच दिवशी गुण आला म्हणून खूश होते. तिसऱ्या दिवशी रात्री छातीत दुखलं, वहिनींनी नेहमीप्रमाणे जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली आणि दादा जागेवर कोसळले. दवाखान्यात नेलं तेव्हा वरचं बीपी 70 होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'काही ताकदीचं औषध घेतलंय का?' वहिनींना माहीतच नव्हतं. दादा वाचले. पण वहिनी अजून म्हणतात, मला आधी सांगितलं असतं तर मी ती गोळी ठेवली नसती.

डॉक्टरताई_कोल्हापूर

नर्मदाकाठ ताई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. हा या विषयातला सर्वात धोक्याचा भाग आहे.

जडीबुटीने तासाभरात ताठरता येत नाही. आली तर त्या पुडीत बहुतेक सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने 2007 ते 2016 मध्ये 776 सप्लिमेंटमध्ये न छापलेली औषधं पकडली. त्यांतली 353 लैंगिक ताकदीची होती आणि त्यांत सर्वात जास्त वेळा सापडलं ते सिल्डेनाफिल. त्याच्यासोबत सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट गेलं की रक्तदाब धाडकन कोसळतो. हृदयाचे रुग्ण वाचत असतील तर कृपा करून हे घरच्यांना सांगून ठेवा.

आणि ताठरतेचीच तक्रार असेल तर ती लपवू नका. तिथल्या धमन्या 1-2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3-4 मिलिमीटरच्या. आत चरबी साचायला लागली की त्रास आधी बारीक नळीत दिसतो. हार्ट अटॅकच्या दोन-चार वर्षं आधी मिळणारी ही सूचना कित्येक जण चूर्णाखाली झाकून टाकतात.

रात्रपाळी दादा, एक विचारायचं राहिलं. तुम्ही घोरता का?

रात्रपाळी

घोरतो. बायको म्हणते मध्येच श्वास थांबतो, मग दचकून परत सुरू होतो. ती हलवून जागं करते. मी कधी मनावर घेतलं नाही. याचा काही संबंध आहे का?

डॉक्टरताई_कोल्हापूर

फार मोठा संबंध असू शकतो. शिकागोतल्या, 2011 साली छापून आलेल्या एका अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. तुमची झोप तर पाळ्यांनी आधीच मोडलेली, त्यात श्वास अडकत असेल तर शरीराला विश्रांती मिळतच नाही. दुपारी डोळे मिटणं, थकवा, इच्छा नसणं, सगळं यातून येऊ शकतं. वजनही बघा. पोटावरची चरबी आणि साखर वाढली की टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन कमी होतं आणि आकडा खाली दिसतो. दहा टक्के वजन उतरवलं तर तो आपोआप वर येतो. तुमच्यासाठी म्हणजे नऊ किलो. अवघड आहे, मला कल्पना आहे. रात्री दोन वाजता कँटीनच्या वड्याला नाही म्हणणं सोपं नसतं. झोपेची तपासणी मात्र करून घ्याच.

रात्रपाळी *(पाच आठवड्यांनी)*

सगळ्यांना कळवायचं होतं.

फर्स्ट शिफ्टमध्ये, अनशापोटी, सकाळी साडेसातला दोनदा तपासलं. 364 आणि 341. एचबीए1सी 6.2 आलं, म्हणजे साखर उंबरठ्यावर आहे. थायरॉइड नीट. डबा घेतला नाही. ट्रेनरला दोन्ही रिपोर्ट दाखवले तर म्हणाला, 'तरी पण 600 पाहिजे.' त्याला काही उत्तर दिलं नाही.

बायकोला हा धागा वाचायला दिला. पूर्ण वाचला तिने, नर्मदाकाठ ताईंचा प्रतिसाद दोनदा. मग म्हणाली, मला वाटत होतं तुला मी आवडेनाशी झाले. त्या रात्री आम्ही खूप वेळ बोललो. एवढं बरेच दिवसांत बोललो नव्हतो.

झोपेची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. यंत्र घरी देणार आहेत, रात्री बोटाला आणि छातीला लावून झोपायचं म्हणे. श्वास अडकू नये म्हणून झोपेत हवा देणाऱ्या यंत्राचा मास्क लावावा लागला तर पाळीत झोपणाऱ्याला तो दिवसा लावून झोप लागते का? कुणी वापरत असेल तर सांगा.

सह्यभटक्या

माझे सासरे दोन वर्षं वापरतात. पहिले दहा दिवस सतत काढून फेकायचे, नाक कोरडं पडायचं. यंत्रात पाणी भरायचं भांडं असतं, ते लावल्यावर सवय झाली. मास्क तीन मापांत येतो, घ्यायच्या आधी दुकानातच आडवं होऊन लावून बघा. बाकी व्यक्तिगत निरोपातून कळवतो.