'सुधरंना' म्हणजे स्मृतिभ्रंशच का?

परभणीकर: आमच्याकडं म्हातारं माणूस गोंधळलं की म्हणतात, "त्येला आता काही सुधरंना." दवाखान्याच्या कागदावर 'स्मृतिभ्रंश' लिहिलंय, पुढं 'आनुवंशिक?' असंही. अर्थ एकच धरायचा का?

सेलूवाला: या 'सुधरणे'चा सुधारणेशी संबंध नाही. यातली 'सुध' म्हणजे 'सुधबुध'मधली, भान. अंधारात वाट सुधरंना, तसंच हे. मला तर हा शब्द जास्त नेमका वाटतो. 'स्मृतिभ्रंश' गीतेतला (2.63), तिथं तो रागातून येतो, आता डिमेन्शियाला, म्हणजे मेंदू झिजून समज-स्मरण ढासळण्याला, चिकटलाय आणि लोकांना वाटतं, फक्त विसरणं. पण शंभराची नोट देऊन परत किती घ्यायचे हे न कळणं, रोजच्या गल्लीत घर न सापडणं, हेही त्यातच येतं.

हिप्पोकॅम्पस हा आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग वयानं सगळ्यांचाच थोडा आकसतो. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात तो फार वेगानं आकसतो. 1906 साली आलॉइस अल्झायमर यांनी ज्या बाईच्या मेंदूतले बदल मांडले, ती पंचावन्नाव्या वर्षीच गेली होती. 'साठी बुद्धी नाठी'वाल्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. (नाठी म्हणजे नष्ट.)

आता 'आनुवंशिक'. ऐकणाऱ्याला वाटतं, बापाला झालं म्हणजे मला होणारच. तसं फार थोड्या घराण्यांत असतं. तिथं एकाच जनुकातला दोष मुलात उतरायची शक्यता निम्मी असते आणि आजारही लवकर येतो. बाकीच्यांत एपीओई जनुकाचा ई4 प्रकार धोका वाढवतो, ई2 कमी करतो. ई4 असून ठणठणीत राहिलेले पुष्कळ, नसून आजारी पडलेलेही पुष्कळ. म्हणून मी 'जनुकीय धोका' लिहितो.

लातूरकर: आणि 'म्हातारचळ'?

सेलूवाला: ती शिवीच. म्हातारपणी सुचलेले भलते चाळे, असा अर्थ. पण कपाळामागचा आणि कानशिलाकडचा मेंदू झिजणारा एक डिमेन्शिया आहे, फ्रंटोटेम्पोरल. त्यात बऱ्याचदा वागणं आधी बिघडतं, स्मरण सुरुवातीला शाबूत असतं. साठीच्या आतही होतो. घरचे मात्र "चळलाय" म्हणून मोकळे होतात.

परभणीकर: मग डॉक्टरला 'सुधरंना' असंच सांगू?

सेलूवाला: सांगा की. फक्त काय सुधरंना तेही सांगा: पैसे, वाट, का माणसांची नावं. आन् कधीपासून, तेही.