ईस्टर, संडे स्कूल आणि मुलांच्या हातच्या वस्तू – तुमचे अनुभव लिहा

पारवा
आज कपाट आवरताना एक कागदी थाळी सापडली. अर्धी कापलेली, करडी रंगवलेली, दाराशी पुठ्ठ्याची गोल धोंड. लेक बालवाडीत असताना संडे स्कूलमध्ये (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग) केलेली येशूची रिकामी कबर. दोन पायांच्या पिनेवर ती धोंड अजून सरकते! तेव्हा घरी येईल त्याला लेक हात धरून न्यायची, धोंड बाजूला करायची आणि सांगायची, "बघा, इथे कोणी नाही, तो उठला."
आता तो वर्ग मी घेते. ससे-अंडी रंगवायला मुलांना आवडतातच, त्याला माझी ना नाही. पण घरी जाताना मुलाच्या हातात अशी वस्तू हवी, जिच्यावरून त्याला गोष्ट सांगता येईल, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही काय करून घेतलंत, लहानपणी काय केलंत, सगळं लिहा.

मोगरा
बाग!! पसरट ट्रेमध्ये माती, आडवी पुरलेली छोटी कुंडी म्हणजे कबर, तोंडाशी चपटा दगड, मागे काड्यांचे तीन क्रूस. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) मोहरी पेरली की ईस्टरला हिरवंगार. पाणी फवाऱ्यानेच द्या, ओतलं तर बुरशी धरते. शुक्रवारी मुलं दगड लावतात, रविवारी ती यायच्या आत आम्ही तो सरकवून ठेवतो. आत पांढऱ्या कापडाची घडी ठेवायची (बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय २०, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला आहे ना, म्हणून). गेल्या खेपेला एका छोट्याने मनगटापर्यंत हात आत घालून सगळीकडे चाचपलं, घडी बाहेर काढली आणि ओरडला, "कपडे इथेच ठेवून गेला!"

वाटसरू
बारा अंड्यांचं कोणी केलंय का? प्लास्टिकची, उघडणारी

निळीशाई
@वाटसरू हो, दरवर्षी. एकेका अंड्यात एकेक वस्तू: गाढवाचं चित्र, नाणी (३० रुपे), चिमुकला पेला, दोरी, काटा, खिळा, फासे, कापड, खडा वगैरे. क्रमाने उघडत गोष्ट पुढे न्यायची. बारावं रिकामं, कबरीसारखं. ते ज्या मुलीकडे आलं, तिचे डोळेच भरले. "टीचर, माझ्यात घालायचं राहिलं." मी बोलायच्या आत मागून एक मोठा मुलगा म्हणाला, "अगं, तेच तर!" मग सगळ्यांना तेच अंडं हवं होतं.
तीन वर्षांखालची मुलं असतील तर खडे-नाणी नकोत, सरळ तोंडात जातात. चित्रं ठेवा.

गारवा
कांद्याच्या साली आत्तापासून साठवा ग. पाण्यात उकळून गाळायच्या, चमचाभर व्हिनेगर घालायचं, पांढरी उकडलेली अंडी त्यात. तांबूस तपकिरी रंग येतो. हळदीने पिवळा. लाल कोबीचं पाणी जांभळं दिसतं पण अंडं निळं निघतं, मुलं वेडी होतात बघून. अंड्यावर छोटं पान ठेवून जुन्या पातळ मोज्यात घट्ट बांधा आणि मग बुडवा, पानाचा ठसा राहतो. व्हिनेगरमुळे बुडबुडे का येतात ते मोठी मुलं विचारतातच, कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे. थांबा, दूध उतू जातंय

सदाफुली
विषयांतर, पण ईस्टरची तारीख इतकी का हलते? परीक्षा आणि वर्ग एकत्र येतात मग

निळीशाई
@सदाफुली २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. म्हणून २२ मार्च ते २५ एप्रिल कधीही येतो. ही पौर्णिमा चर्चच्या गणितातली, आकाशातलीच असं नाही. ऑर्थोडॉक्स चर्चची मोजणी वेगळी, बहुतेकदा त्यांचा दिवस निराळा. २०२५ ला मात्र दोन्हीकडे २० एप्रिलच होता.

सदाफुली
धन्यवाद दादा, आता वर्गात सांगता येईल

शेवंती
आम्ही फुलपाखरं केली होती. कॉफी गाळायचा पांढरा कागद, त्यावर स्केचपेनने रंग, वरून पाण्याचा फवारा. रंग एकमेकांत पसरतात. वाळला की मधोमध चुणून कपड्याच्या चिमट्यात अडकवायचा. त्याच वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात माझ्या सासूबाई गेल्या होत्या. मुलाने पंखावर "आजी" लिहिलं. पाण्याने अक्षरं पसरली, बाईंनी दुसरा कागद देऊ केला, त्याने घेतला नाही. घरी येऊन विचारलं, "आजीपण उठणार ना?" मी हो म्हटलं. आमचा विश्वास तोच आहे. ते फुलपाखरू तिच्या फोटोला लावलंय.

मोगरा
शेवंतीताई 🙏 मिठी तुम्हाला. लेकरालाही.

पारवा
शेवंती, वाचून डोळे भरले ग. लिहिलंस ते बरं केलंस.

वाटसरू
माझ्या वर्गात एकाला ओल्या गोंदाचा स्पर्शच सहन होत नाही, रडून गोंधळ. त्याला काय द्यावं?

शेवंती
कागदी चिकटपट्टीचा क्रूस कागदावर आधीच चिकटवून ठेवा. त्यावरून त्याने स्पंजने हवे तसे रंग ठोकायचे, स्पंज चिमट्यात धरला की हात कोरडे. वाळल्यावर पट्टी हळूच काढायची, खाली पांढरा स्वच्छ क्रूस. सगळ्याच वयांना जमतं, त्याला एकट्याला वेगळं दिलं असंही होत नाही.

वाटसरू
हे बेस्ट. याच रविवारी करतो

गारवा
आले परत. अंड्याची ॲलर्जी आहे का ते आईवडिलांना आधी विचारून घ्या हां. आणि रंगवलेली उकडलेली अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर मुलांना खाऊ देऊ नका.
बाकी ११-१२ वर्षांच्यांचं काय करता? त्यांना कात्री-गोंद बालिश वाटतं

निळीशाई
वर्तमानपत्र! मोठा कागद, "यरुशलेम वार्ता", पहिल्या पानावर येशू उठल्याची ठळक बातमी, खाली गोष्टीतल्या माणसांच्या मुलाखती. मग्दालीया मरीया, थोमा, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे, कबरीवरचा पहारेकरी. प्रश्न मुलांनीच काढायचे, उत्तरं मात्र शुभवर्तमानात शोधायची. एरवी वही न उघडणारी मुलंही पानं चाळत बसतात.

सदाफुली
पहारेकरी कोण होतं?

निळीशाई
सगळ्यांना तोच व्हायचं असतं 😄 चिठ्ठ्या टाकाव्या लागतात