अनुभव धागा : अजिंठा-वेरूळला गट घेऊन जाताना

वीस-पंचवीस जणांना घेऊन तीन दिवसांत अजिंठा, वेरूळ आणि देवगिरी दाखवायचं, तर आखणी कशी करावी? जे वर्षानुवर्षं गट नेतात, लेणी समजावून सांगतात, तिथे बसून रेखाटनं करतात, अशांना इथे मुद्दाम बोलावलं आहे. "सहल मस्त झाली" एवढंच नको. किती वाजता, कुठून कुठे, काय चुकतं आणि का, हे लिहा.

सहलीची आखणी करणारा

आधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली की हमखास सोमवारी अजिंठा टाकलं जातं आणि चूक कळते ती थेट अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापूरला पोचल्यावर. बुधवार ते शुक्रवार सर्वांत बरे, गर्दीही कमी.

दुसरी चूक मुक्कामाची. सगळे संभाजीनगरला राहतात. तिथून अजिंठा साधारण 100 किलोमीटर, म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन पाच-सहा तास बसमध्येच. रेल्वेने येणाऱ्या गटाने जळगावला उतरावं, तिथून अजिंठा सुमारे 60 किलोमीटर. पहिली रात्र जळगाव किंवा फर्दापूरला, दिवसभर अजिंठा, संध्याकाळी संभाजीनगर. परतीची गाडी तिथून घ्यायची. एकाच रस्त्याने दोनदा जाणं वाचतं आणि लोक लेण्यात ताजेतवाने पोचतात.

आपली बस फर्दापूरच्या टी-जंक्शनलाच थांबते. पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. सगळा गट एकाच बसमध्ये मावेल असं धरून चालू नका. वर तिकीटघरापाशी भेटायचं हे आधीच ठरवा. तिकिटं आदल्या दिवशी ऑनलाइन काढा. स्वच्छतागृह पायऱ्या चढण्याआधीच. खाऊच्या पिशव्या खालीच ठेवा, वानरं हातातून ओढून नेतात.

लेणी समजावून सांगणारी

अजिंठ्यात 30 लेणी आहेत आणि एका दिवसात सगळी 'करायची' म्हटलं की एकही नीट दिसत नाही. सात पुरेत: 10, 9, 16, 17, 19, 26, आणि मग मागे येऊन 1. वेळ उरला तर 2. हा काळाचा क्रम आहे. 9 आणि 10 ही सातवाहनकाळातली, इसवी सनापूर्वीच्या शतकांतली. तिथे पूजेला बुद्धाची मूर्ती नाही, स्तूप आहे. मग मध्ये काही शतकांचा खंड. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात पुन्हा छिन्नी चालली. 16व्या लेण्यात त्याच्या मंत्र्याचा, वराहदेवाचा शिलालेख आहे. 10वरून थेट 19मध्ये नेलं की लोकांना न सांगता कळतं: स्तूप तोच, पण आता त्याच्या दर्शनी भागावर बुद्ध उभा आहे. 1पासून आकड्यांच्या क्रमाने गेलं तर हा बदल हातातून निसटतो, कारण क्रमांक जागेप्रमाणे दिलेले आहेत, काळाप्रमाणे नाहीत.

जाता जाता 24 दाखवा. ते अर्धवट राहिलेलं आहे. खडक वरून खाली कसा फोडत नेला, खांबासाठी दगड कसा राखून ठेवला, हे तिथे उघड दिसतं. पाच मिनिटं पुरतात. बहुतेक गट मात्र ते ओलांडून जातात, याचं फार वाईट वाटतं.

10व्या लेण्यात ही लेणी पुन्हा उजेडात आणणाऱ्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला खांबावर कोरलेलं नाव लोक आवर्जून शोधतात. ते डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा लेण्यात गाळ आणि दगडमाती साचून जमीन उंच झाली होती.

रेखाटनं करणारा

वरच्या क्रमाशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. 9 वाजता दार उघडतं तेव्हा 1 रिकामं असतं आणि 11नंतर तिथे रांग लागते. गटात चित्रकार असतील तर आधी 1 आणि 2 घ्या, इतिहासाचा क्रम नंतर जुळवा.

आत शिरल्यावर लगेच बोलायला सुरुवात करू नका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना त्या मंद उजेडात सरावायला सात-आठ मिनिटं लागतात. त्याआधी पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र दाखवलं तर लोकांना नुसता तपकिरी डाग दिसतो. तेवढ्या वेळात छत बघायला सांगा. मग गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी. निळा रंग कुठे उरलाय ते शोधायला लावा. ती लाजवर्द या निळ्या दगडाची पूड, अफगाणिस्तानातून आलेली. बाकीचे रंग, तांबडी आणि पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी, चुना, जवळपास मिळण्यासारखे. सातवाहनकाळातल्या चित्रांत तो निळा नाही.

चित्रांच्या जतनाची माहिती असणारी

फ्लॅश चालत नाही, हे सगळे सांगतात. गर्दी का नको, ते कमी जण सांगतात. ही ओल्या चुन्यावरची भित्तिचित्रं नाहीत. खडबडीत ठेवलेल्या कातळावर चिकणमातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे मळून गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग. चाळीस माणसांच्या श्वासाचा दमटपणा हाच मातीचा गिलावा शोषतो, फुगतो आणि सुटतो. म्हणून चित्रांच्या लेण्यात एका वेळी ठरावीक माणसंच सोडतात. 25 जणांचे दोन भाग करा: एक आत, दुसऱ्याला बाहेर ओसरीत पुढच्या लेण्याची कथा सांगायची. 17मध्ये सिंहल आणि विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, आहेत. कथा बाहेर ऐकून आत गेलं की लोक भिंतीवर माणसं ओळखू लागतात. भिंतीला पाठ टेकवू नये, हे दर लेण्याच्या दाराशी पुन्हा सांगावं लागतं. टॉर्च पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय काढू नका.

काही चित्रं पिवळट, चकचकीत दिसतात. 1920च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग टिकावा म्हणून लाखेचं वॉर्निश दिलं. ते पुढे पिवळं पडलं. हेतू चांगला होता. या चित्रांच्या नकलांचं दुर्दैव त्याहून मोठं: त्या करणाऱ्या इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिलच्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केलेल्या प्रतींपैकी कितीतरी 1885 च्या आगीत.

ज्येष्ठांचे गट नेणारी

गुडघे दुखणाऱ्यांसाठी अजिंठ्यात डोली मिळते. दर चढण्याआधी ठरवा. बूट पुन्हापुन्हा काढावे लागतात, म्हणून नाडीचे नकोत. पावसाळ्यात वाघूर भरून वाहते, दृश्य अपूर्व, पण पायऱ्या निसरड्या. एप्रिल-मे टाळाच.

वेरूळ नेणारा

वेरूळ सूर्योदयाला उघडतं, याचा फायदा घ्या. 34 लेणी: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. कैलास देऊळ, म्हणजे 16, दाराशीच असल्यामुळे सगळे आधी तिथे घुसतात. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे, दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. म्हणून सकाळी 10, 12, मग 15. 10 हे विश्वकर्मा, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरल्यात. 12 तीन मजली. 15व्या लेण्यात राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख. त्याच्यानंतर आलेल्या राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याच्या, आठव्या शतकातल्या काळात कैलास घडला, म्हणून 15 आधी पाहिलेलं बरं.

कैलासात थेट आत नेऊ नका. आधी बाजूच्या चढावरून, जिथवर जाऊ देतात तिथवर, वरून दाखवा. सुमारे 30 मीटर खोल खणून मध्ये देऊळ राखलंय, कळस आधी आणि पाया शेवटी, हे खाली उभं राहून कोणालाच पटत नाही. मग खाली उतरून दक्षिणेकडून सुरुवात: रामायणाचे पट्टे, कैलास हलवणारा रावण. उत्तरेच्या बाजूला महाभारत. वर पाहिलं की ठिकठिकाणी पांढऱ्या लेपाचे अवशेष दिसतात. देऊळ एकेकाळी पांढरं होतं. यासाठी दोन तास धरा. एका तासात उरकलं तर लोक हत्तीपाशी फोटो काढून परततात.

देवगिरीबद्दल थोडंसं

वेरूळच्याच दिवशी दुपारी देवगिरी ठेवू नका, किल्ला पायी चढायचा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी जा. चांद मिनार, मेंढा तोफ, मग अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट. तिथे वटवाघळं आहेत, वास उग्र असतो, हे आधी सांगा. ज्यांना दम लागतो त्यांनी खंदकापाशी थांबावं.

पुन्हा वेरूळ नेणारा

जैन लेणी राहून गेली लिहायची. ती उत्तरेला दीड-एक किलोमीटरवर, म्हणून थकलेले गट सोडून देतात. तिथवर वाहनाने जा. 32, इंद्रसभा, वरच्या मजल्यावर चढा आणि सगळ्यांना मध्यभागी उभं करून वर बघायला सांगा. छतावर कमळ कोरलेलं आहे.