रिद्धपूरला जाताय? माहीतगारांचे अनुभव

रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती. गाव लहान, पण चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ 'लीळाचरित्र' इथं लिहिला गेला. ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांनी कामाचं तेवढं सांगा.

•

शिखर शोधत गेलात तर हाती काही लागणार नाही. महानुभाव पंथात मान जागेचा. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी किंवा त्यांचे गुरू गोविंदप्रभू जिथं बसले, जेवले, निजले ते 'स्थान', आणि त्याची खूण म्हणजे ओटा. दंडवत घालून ओट्याला कपाळ टेकवतात. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे कट्टा समजून त्यावर टेकणं किंवा पिशवी ठेवणं. चपला बाहेर. कोणी भेटलं की 'दंडवत प्रणाम' म्हणा, पुढची वाट तेच दाखवतात. मद्य-मांस वर्ज्य, डब्यात अंडीही नकोत.

•

आधी राजमठ, मग वाजेश्वरी. राजमठ गोविंदप्रभूंच्या राहण्याचा. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी वाजेश्वरीत बसून लीळा, म्हणजे स्वामींचे प्रसंग, लिहिल्या, साधारण 1278 मध्ये. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून ऐकायचं, शिवाय लीळा ज्याच्यासमोर घडली त्यालाही विचारायचं, अशी पद्धत. मूळ प्रत खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली आणि पुढे आठवणीतून ग्रंथाचे वेगवेगळे पाठ उभे राहिले: हिराइसा पाठ, पिढीपाठ वगैरे. म्हणून तिथल्या कोणी सांगितलेली लीळा तुमच्या पुस्तकाशी जुळली नाही तर वाद घालू नका, पाठ कोणता ते विचारा.

•

भौ, उन्हाळ्यात काहून जाता? फरशी अशी तापते का अनवाणी पाय ठेववत नाही. डिसेंबर-जानेवारी पाहा. संत्र्याचा आंबिया बहारही तवाच हाती येते. उन्हाळ्यातच जाणं असन त सकाळी नवाच्या आत दर्शन उरका.

•

पोथी दाखवली तर हात कोरडे हवेत. पान उलटायला बोटाला थुंकी लावू नका, शाई फुटते आणि तो अनादरही होतो. अक्षर ओळखीचं पण शब्द लागत नाही, असं झालं तर सकळ लिपी असेल. तीत अक्षरांची अदलाबदल असते, किल्ली ठाऊक असल्याशिवाय अंदाजानं वाचू नये. फोटो विचारूनच.

•

वर सगळे तेराव्या शतकावर थांबले. प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट याच गावी सापडला. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, विदर्भातल्या वाकाटक घराण्याची राणी. दान दिलं ते रामगिरिस्वामींच्या पायांशी, म्हणजे रामटेकला, मुलाच्या, दुसऱ्या प्रवरसेनाच्या, 19व्या राज्यवर्षी. नागपूरकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी रामटेक करावं, हा दुवा मग आपोआप लागतो.

•

मातंगांची विहीर बहुतेकांच्या यादीत नसते. पाणी नव्हतं म्हणून त्यांनी गोविंदप्रभूंना विनवलं आणि प्रभूंनी खणायची जागा दाखवली, अशी लीळा आहे. ती आधी वाचून जा. नाहीतर समोर नुसती विहीर दिसेल.