जवानाच्या पगाराचं बोलायचं कुणी?

उचगावकर:
धाकटा भाऊ अग्निवीर, पहिलंच वर्ष. परवा सुट्टीवर आला. आईनं विचारलं, पगार किती रे? म्हणाला ३०,०००, हातात २१,०००. ९,००० सेवानिधीला, म्हणजे नोकरी संपल्यावर मिळायच्या रकमेसाठी, कापतात, सरकारही तेवढेच घालतं, चार वर्षांनी साधारण ११.७१ लाख मिळणार. आई गप्पच झाली. मग म्हणाली, "आणि पुढं?" पुढं शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

२०२२ ला हे ठरलं तेव्हा जवानांच्या बाजूनं बोलायला कोण होतं? रेल्वेच्या गँगमनला युनियन आहे, दारूगोळा कारखान्यातल्या फिटरलाही आहे. वेतन आयोगापुढं त्यांची माणसं मागण्या मांडतात. तोच दारूगोळा वाहणाऱ्या जवानाला कुणी नाही. संप नकोच, पण त्याचा म्हणून बोलणारा एक माणूस हवा.

निवृत्त सुभेदार, खानापूर तालुका:
बाळा, फौजीच्या हक्कांवर, संघटना काढण्यावरही, बंधनं घालू देणारं घटनेचं कलम ३३ आणि आर्मी ॲक्टचं कलम २१ उगाच नाहीत. रात्री दोनला चौकी सोडायचा हुकूम आला तर हात वर करून मतं घ्यायची काय? आणि पलटणीत तोंड बंद असतं हे खोटं. दरबार असतो, साहेबापुढं सगळे जमतात, तिथं जवान तक्रार मांडतो. आमचे बूट पहिल्याच बर्फात उलले होते. मी दरबारात उभा राहिलो, तळवा काढून साहेबापुढं धरला. पंधरा दिवसांत सगळ्या कंपनीला नवे आले.

उचगावकर:
मामा, बूट साहेबाच्या हातात होते म्हणून आले. पगार त्याच्या हातात नाही. सातव्या वेतन आयोगानं मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे फौजेतल्या खडतर नोकरीसाठी महिन्याला मिळणारे जादा पैसे, अधिकाऱ्याला १५,५०० दिला, जवानाला ५,२००. सियाचीनची थंडी रँक बघून लागते का? हा आकडा कुठल्या दरबारात बदलणार?

निपाणीची फौजीची बायको:
जर्मनीत १९५६ पासून सैनिकांची संघटना आहे. संपाचा हक्क नाही, तरी पगारापासून घरापर्यंत सरकारशी बोलते. तिथली फौज मोडली नाही. आपल्याकडं वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारखा हुद्दा, सारखी नोकरी तर पेन्शनही सारखं, यासाठी २०१५ ला म्हाताऱ्या फौजींना जंतरमंतरवर बसावं लागलं. नोकरीत असताना बोलता येत नाही म्हणून सत्तरीत उपोषण! ह्याला शिस्त म्हणवत नाही मला.

कॅम्पातला दुकानदार:
वहिनी, जर्मनीचं राहू दे. आपल्या सीमाभागात एका एकीकरण समितीचे किती गट झाले ते बघितलं की आपण. मराठा पलटणीत कर्नाटकातली पोरंही आहेत. तिथं संघटनेची निवडणूक लागली, मराठी-कानडी सुरू झालं, तर खंदकात एकमेकांना पाणी देतील का? ज्या पक्षाचं सरकार त्याची एक संघटना, दुसऱ्याची दुसरी. मला ह्याचीच भीती वाटते. पगार वाढवा, दुप्पट करा, पण संघटना नको.

उचगावकर:
वाढवा म्हणायचं कुणी, हाच तर प्रश्न आहे, दादा.

निवृत्त सुभेदार:
दुकानदार बोलले ते खरं आहे, गटबाजी मी जवळून बघितलीय. पण मिलिटरी सर्व्हिस पेचं मलाही तेव्हा लागलं होतं. आयोगावर एक निवृत्त जवान बसवा. अधिकारी नव्हे, जवान. तिथपर्यंत मी तुझ्यासोबत. नोकरीतल्या पोराच्या हातात मात्र संघटनेचं पावतीपुस्तक नको.

उचगावकर:
मामा, तुम्हाला पेन्शन आहे. माझ्या भावाला बहुधा मिळणार नाही. त्याचं दुखणं तुम्ही कसं मांडणार?

निवृत्त सुभेदार:
त्याची सुट्टी कधी संपते? त्याच्याआधी घरी घेऊन ये त्याला. मी ऐकतो.