ट्रेकला न्यायला हलकी टेलिफोटो प्राइम (लांबचं टिपणारी, झूम नसलेली लेन्स) कोणती घ्यावी? २००-५०० लेन्सने खांदा गेला

मालवी_भटक्या:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. दर रविवारी आमचा चार-पाच जणांचा कंपू निघतो, कधी जानापाव, कधी चोरल, पावसाळ्यात पातालपानी-कालाकुंडच्या बाजूला. बॉडी निकॉन डी ७५००, लेन्स कामाची म्हणाल तर एकच, २००-५०० मिमीची झूम, एफ ५.६ (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून प्रकाश जास्त). लेन्स झकास आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण गेल्या रविवारी परत येताना कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे पोहे घ्यायला थांबलो आणि गंमत म्हणून बॅग त्याच्या काट्यावर ठेवली तर आकडा आला ५ किलो ८००. काका म्हणाले, "गहू नेता का डोंगरावर?" त्यात २ किलो ३०० ग्रॅम नुसती लेन्स, बाकी बॉडी, पाणी आणि आईने दिलेले पराठे. रात्री बाम चोळत बसलो तेव्हा ठरवलं की बस्स.

डिसेंबरात पचमढीला जायचंय, धूपगड आणि चौरागडच्या पायऱ्या, म्हणून त्याआधी काहीतरी हलकं घ्यायचंय, सेकंडहँड चालेल. डोक्यात ३०० एफ ४ पीएफ आहे, आणि एकजण जुनी १८० एफ २.८ डी स्वस्तात देतोय. फोटो काय काढतो तर डोंगरांच्या रांगा, मधेच पक्षी दिसला तर पक्षी. काय घेऊ?

चोरलकाठी:
भिया, डोळे मिटून ३०० पीएफ. मी चार वर्षं वापरतोय. ७५५ ग्रॅम फक्त! आधीची ३०० एफ ४ डी होती ती १ किलो ४४० ची, म्हणजे निम्मं वजन गेलं आणि वर व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) आलं. पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल, त्या एका काचेवर बारीक बारीक गोल खाचा असतात, त्या प्रकाशाला अशा वळवतात की साध्या काचेने जी रंगाची चूक होते ती उलट्या बाजूने होऊन कटते, म्हणून बाकीच्या काचा कमी लागतात आणि लेन्स आखूड होते. तुझ्या क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या) ती ४५० सारखी दिसणार. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा मागचा जोड) लावला की ४२० एफ ५.६, आणि कन्व्हर्टर १९० ग्रॅमचा, म्हणजे सगळं मिळून किलोच्या आतच.

मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. ही १.४ मीटरपर्यंत फोकस करते. मागच्या श्रावणात चोरलच्या ओढ्यात दगडावर चतुर बसला होता, मी गुडघ्यावर बसलो, पाणी बुटात शिरलं, आणि त्याच्या पंखावरची जाळी शीर न् शीर आली. २००-५०० असती तर मला तिथून दोन पावलं मागे जायला लागलं असतं आणि मागे पाणी होतं कमरेएवढं.

एक खोट सांगून ठेवतो. सूर्य किंवा भगभगीत दिवा फ्रेममध्ये किंवा काठावर आला तर त्याच्याभोवती विचित्र रंगीत कडी उठतात, पीएफचा तो स्वभावच आहे. जानापाववरून सूर्योदय काढायचा असेल तर मी दुसरी लेन्स लावतो. कॉलर (ट्रायपॉडला लावायची कडी) वेगळी घ्यावी लागते पण हातात धरून काढणार असशील तर नको घेऊ, फुकट वजन.

दूधराज_इंदूर:
मी जरा उलटं बोलतो, रागावू नका. आधी घरी बसून गेल्या वर्षभराचे ट्रेकचे फोटो उघडा आणि तुम्ही ठेवलेले, म्हणजे खरंच कुणाला दाखवलेले, त्यांची फोकल लेंथ, म्हणजे किती मिमीला काढले, ते बघा. मी बघितलं तेव्हा माझीच मला लाज वाटली, पक्ष्यांसाठी म्हणून जी तोफ वाहत होतो त्यात पक्षी मोजून अकरा आणि बाकी सगळे डोंगर, २०० च्या टोकाला काढलेले.

डोंगरच काढायचे असतील तर ८५ एफ १.८ जी घ्या, ३५० ग्रॅम. लोकांना वाटतं डोंगर एकावर एक रचल्यासारखे दिसतात ते लांब लेन्समुळे, पण ते तुम्ही किती लांब उभे आहात त्यामुळे असतं, त्याच जागेवरून ८५ ने काढून मधला तुकडा कापला तरी रांगा तशाच दिसतात, मेगापिक्सल तेवढे जातात. रुंद हवं असेल तर कॅमेरा उभा धरून पाच-सहा फोटो, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा येऊ द्यायचा, घरी जोडायचे. सोबतच्या लोकांचे फोटो पण सुंदर येतात, आमच्या वहिनींनी फक्त त्यासाठी या लेन्सला परवानगी दिली. पक्ष्याला मात्र ८५ चा काही उपयोग नाही हे कबूल.

आणि अजून एक, मे महिन्यात दुपारी बाराला माळव्यात तुम्ही कुठलीही लेन्स लावा, तापलेली हवा लहरत असते, लांबचं सगळं लोण्यासारखं मऊ येणार. त्याला लेन्स बिचारी काय करणार. सकाळी निघा, नाहीतर पाऊस पडून गेल्यावर.

बडोद्याची_माई:
बडोद्याहून. मी ६२ वर्षांची, पावागड, जांबुघोडा या बाजूला फिरते, गुडघा एकच धड आहे. माझ्याकडे कॅनन आहे, त्यामुळे तुमच्या उपयोगाचं नाही, पण वाचणाऱ्या कॅननवाल्यांसाठी सांगते, आरएफ ६०० एफ ११ बघा. ९३० ग्रॅम, नळी आत ढकलून लहान होते. अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत यायचं भोक, एफ ११ लाच कायम, मोठं होत नाही, लहानही होत नाही. उघड्यावर ऊन असेल तर घार, ससाणा मस्त, झाडीत शिरलात की आयएसओ (कमी उजेडात सेन्सरची वाढवलेली संवेदनशीलता, फोटो दाणेदार होतो) आभाळाला. साडेचार मीटरच्या आत काही आलं तर नुसतं बघत बसायचं.

१८० डी बद्दल मात्र बोलते, कारण यजमान निकॉनवाले होते. काच फार गोड आहे तिची, ७६० ग्रॅम, पण व्हीआर नाही आणि फोकसची मोटर लेन्समध्ये नाही. तुमच्या डी ७५०० मध्ये मोटर आहे म्हणून चालेल, उद्या मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घेतलात तर जुनी लेन्स त्याला जोडायच्या निकॉनच्या अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही, मग हाताने फोकस. घेताना मागून टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, कितीही स्वस्त असली तरी नको.

पाठीवर_घर:
प्राइमचा हट्ट का पण? एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर ४१५ ग्रॅमची आहे, सेकंडहँड ढिगाने मिळते. ३०० ला एफ ६.३ आहे, दाट झाडीत रडते, पण चौरागडच्या पायऱ्या चढताना तुम्हीच दुवा द्याल.

चोरलकाठी:
झाडीतच तर पक्षी असतो भाऊ. एफ ४ आणि एफ ६.३ मध्ये सव्वा स्टॉपहून जास्त फरक आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), तिथे आयएसओ १६०० लागतो तिकडे तुमचा ४००० होणार.

मालवी_भटक्या:
सगळ्यांचे आभार. दूधराजजींचं ऐकून काल रात्री जुने फोटो उघडून बसलो. ठेवलेल्या ९४ पैकी ५७ डोंगरांचे निघाले, त्यातले बहुतेक २०० ला. पक्षी २३, आणि त्यातले १९ सिरपूर तलावावरचे, जिथे मी गाडीतून उतरून दोनशे पावलं पण चालत नाही! म्हणजे डोंगरावर वर्षभर ती लेन्स वाहून पक्षी मिळाले चार, त्यात दोन बुलबुल.

तर १८० ला नाही म्हणून कळवलं, माई तुमच्यामुळे वाचलो. ८५ घेतोय आत्ता. ३०० पीएफ एका ओळखीच्यांकडून दोन दिवस भाड्याने घेऊन पचमढीला नेतो, चतुर मिळाला तर मग बायकोशी बोलतो.

पाठीवर_घर:
म्हणजे २००-५०० विकायला काढणार का? मी पलासियाला राहतो, उद्याच येतो बघायला.

मालवी_भटक्या:
नाही हो, सिरपूरला कोण नेणार मग?